मासळीचा स्वयंपाक : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाककृती पाहून मासळी रांधावयास शिकणाऱ्या तरुण मंडळींविषयी आपल्या घरांतून दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. एक असे की, ही विद्या आईच्या वा आजीच्या हाताखालीच साध्य होते, लिहून अथवा चित्रित करून ती दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही. दुसरे असे की, पाककृतीतील मापे आणि मिनिटे तंतोतंत पाळली म्हणजे कालवण साधलेच पाहिजे. ज्या भाषेत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 साली प्रसिद्ध झाले, त्या भाषेत वाचून रांधणे ही आजची टूम खचितच नव्हे. दुसरे मत मात्र अधिक घातक आहे. कारण बहुतेक पाककृती चुलीपाशी सुरू होतात आणि मासळीच्या स्वयंपाकाचा निम्मा निकाल त्याआधी बाजारात आणि विळीवर लागून गेलेला असतो.

मासळी म्हटली की उग्र वास यायचाच, ही समजूत याच अज्ञानातून आलेली. ताज्या समुद्री मासळीला गंध असतो तो सौम्य आणि किंचित खारट. समुद्राच्या क्षारतेपुढे टिकाव धरण्यासाठी या माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे एक गंधहीन द्रव्य साठविलेले असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइनमध्ये रूपांतर करतात, आणि आपल्या नाकाला झोंबतो तो हाच पदार्थ. आम्लाशी संयोग झाला की त्याचे हवेत न उडणाऱ्या क्षारात रूपांतर होते, आणि कोकणातील गृहिणीने आमसूल किंवा चिंच यांवाचून कालवण सहसा केले नाही, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नाकाने आणि जिभेने केलेले हे अचूक निरीक्षण आहे. तेव्हा पाककृतीतील आमसुले घरात नाहीत म्हणून गाळू नयेत. त्यांच्या जागी चिंच किंवा कैरी घालावी.

परंतु आंबटाने वास दबतो, शिळेपण जात नाही. यासाठी कोळणीच्या पाटीपुढे बसून बांगडा हाती घ्यावा, अंगठ्याने कल्ला उचलून आत लालभडक रंग आहे की तपकिरी, चिकट थर आहे ते पाहावे, डोळा फुगीर आणि नितळ आहे की खोल गेलेला आणि धुरकट आहे ते न्याहाळावे, आणि पाठीवर बोट दाबून पडलेला खळगा लगेच भरून येतो की तसाच राहतो याची खात्री करून घ्यावी; हे दाखले पटले नाहीत, तर भाव कितीही उतरला तरी तो मासा घेऊ नये.

कारण झणझणीत मसाला आणि खळखळती उकळी यांनी शिळ्या मासळीचा दोष नाहीसा होतो, हा सर्व गैरसमजांत अत्यंत जोखमीचा होय. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासळी उष्ण हवेत तासन्‌तास पडून राहिली म्हणजे जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवल्याने, तळल्याने वा गोठवल्यानेही नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. आणि घरातील मंडळी त्याला मासळीची ॲलर्जी समजून बांगडा कायमचा वर्ज्य करतात, वस्तुतः कसूर बांगड्याची नसून त्याला वेळीच न मिळालेल्या बर्फाची असते. बाजारातून आलेली मासळी ओट्यावर ठेवून आधी वाटणाची तजवीज करण्याचा शिरस्ता म्हणूनच मोडला पाहिजे.

मटणाप्रमाणे मासाही जितका अधिक शिजेल तितका मऊ होईल, असे मानणारे पुष्कळ आहेत. मटणातील चिवट संयोजी ऊती विरघळण्यास दीर्घकाळ मंद आच लागते. माशात अशा ऊती अल्प असतात आणि त्या फार कमी उष्णतेत विरघळतात, त्यामुळे सुमारे 60 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तुकडीचा मध्य तापला की मासा शिजला, त्यापुढे तो केवळ कोरडा होत जातो. वाटणाचा कच्चेपणा आधी उकळून घालवावा, आंबट घालावे, आणि मग शेवटी तुकड्या सोडाव्यात; डावाने ढवळू नये, पातेलेच दोन्ही बाजूंनी धरून हलकेच हिंदकळवावे. अर्धपारदर्शक मांस दुधासारखे पांढरे होऊन काट्यापासून सुटू लागले, हीच खूण. पाककृतीत लिहिलेल्या ‘दहा मिनिटां’ना तुकडीची जाडी ठाऊक नसते.

लिंबू लावून रात्रभर ठेवण्याचा सल्लाही असाच फसवा. आम्लाने मांस पांढरे पडते, ते शिजल्यासारखे दिसते, पण त्यातील जिवाणू किंवा कृमी मरतीलच असा भरवसा नसतो, आणि तुकडी मात्र भुसभुशीत होते. हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास पुरे. मोठ्या आचेवर भाजल्याने रस आत कोंडला जातो, हेही खरे नव्हे: खरपूस कवचाने चव येते, रस अडत नाही. तुकडी तव्याला चिकटते ती बहुधा ओली असल्यामुळे किंवा कवच धरण्याआधीच उलथण्याच्या घाईमुळे. बोंबलाची गोष्ट तर निराळीच. त्याच्या अंगी पाण्याचा अंश एवढा मोठा की, चिरून, पाट्याखाली दाबून निथळल्यावाचून तो कुरकुरीत होणे नाही.

मासळीवर दूध प्याल्याने कोड उठते, ही भीती अद्याप घराघरांत आहे. चरकसंहितेने मासे आणि दूध यांचा संयोग विरुद्ध आहारात गणला आहे हे खरे. तथापि कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या नाशाने होणारा विकार आहे, आणि या संयोगामुळे तो उद्भवतो असे वैद्यकशास्त्राला आढळलेले नाही. दह्यात शिजवलेले मासे बंगाली घरांतून नित्य खाल्ले जातात.

राहता राहिली बर्फातली मासळी, जिला आपल्याकडे सरसकट शिळी समजतात. पकडल्याबरोबर उणे 18 अंशांवर गोठवलेला मासा दिवसभर उन्हात फिरलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा निश्चित सरस असतो. समुद्रापासून दूर, देशावर किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने ती बिनदिक्कत आणावी. मात्र ओट्यावर न वितळवता आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात उतरवावी, सुटलेले पाणी ओतून टाकून तुकड्या कोरड्या पुसाव्यात, आणि मगच त्यांना हळद-मीठ लावावे.