टाळी कोठे पडते?

चांदवडच्या रेणुकादेवीपुढे संबळाची लय चढू लागली म्हणजे ज्याच्या अंगावर काटा उभा राहतो, त्याने मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीस जरूर जावे. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा (१८९३) तिसरा खंड अशा जयघोषात संपतो, की शोकाकुल चौथा खंड बाकी असूनही जगभर सभागृहांत टाळ्या उसळतात. दोन खंडांमध्ये स्तब्ध राहण्याचा दस्तूर तेथे मोडतो, आणि माझ्या मते त्यात श्रोत्यांचा अपराध मुळीच नाही.

अशा रोमांचाबाबत मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की आवडत्या संगीताचा उत्कर्ष येण्यापूर्वीच, निव्वळ अपेक्षेने, मेंदूतील कॉडेट नामक भागात डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवते आणि प्रत्यक्ष रोमांचाच्या क्षणी ते न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समध्ये आढळते. अर्थात हा दाखला संगीताने हमखास रोमांचित होणाऱ्या निवडक मंडळींचा, आणि तोही त्यांनी स्वतः निवडलेल्या रचनांचा! अपरिचित सिंफनीत पुढे काय येणार याची कल्पनाच नसल्याने नवखा श्रोता कोरडा राहिला, तर नवल नाही. त्याने मैफलीपूर्वी त्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण दोन-तीनदा ऐकून ठेवावे.