सशाच्या दौडीचें कुत्रें : अस्सल सालुकी कीं संकर ?

मागील माघांतील यात्रेंत एका तरुण शेतकरी बंधूंनीं आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, "भाऊसाहेब, आमच्या कारवानी कुत्रीस ग्रेहाउंड नर दाखवला तर कसें ?" त्यांच्या मोबाइलवर इंग्लंडांतील एका संकर कुत्र्याची दौड होती. बाप सालुकी, आई ग्रेहाउंड. कुत्रें खरोखरच विजेसारखें धांवत होतें. उभ्या उभ्या उत्तर देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. आमचें कारवानी कुत्रें रूपानें सालुकीच्या इतकें जवळचें आहे कीं, तिकडील अनुभव आपणांस पुष्कळसा लागू पडतो. म्हणून आधीं तिकडची हकीकत सांगतों.

सालुकी हें अरबस्तान, इराक, सीरिया व इराण या प्रदेशांतील पुरातन शिकारी कुत्रें. तें वासावर नव्हे तर नजरेवर धांवतें. नराची उंची खांद्याशीं २३ ते २८ इंच, मादी कांहींशी लहान. अंग सडपातळ, छाती खोल, कानांस व शेपटीस रेशमासारखे झुपके. आंखूड केसांचाही एक प्रकार आहे. अरब बदू लोक इतर कुत्र्यांस तंबूंत घेत नसत, पण सालुकीस घेत. आणि तापलेल्या वाळूनें त्याचे पंजे भाजूं नयेत म्हणून शिकारीच्या जागेपर्यंत त्यास उंटावर बसवून नेत. फ्लॉरेन्स अ‍ॅम्हर्स्ट या बाईंनीं १८९५ सालीं एक जोडी इंग्लंडांत आणली. पहिल्या महायुद्धानंतर पूर्वेकडून परतलेल्या लष्करी अंमलदारांनीं आणखी कुत्रीं नेलीं, व १९२३ सालीं तेथील केनेल क्लबनें या जातीस मान्यता दिली.

इंग्लंडांत सशाच्या दौडीचें शास्त्रच झालें होतें. लिव्हरपूलनजीक आल्टकार येथें १८३६ पासून वॉटर्लू कप नांवाचा सामना भरे. दोन कुत्रीं एकदम सोडीत, पण सशास आधीं सुमारें ऐंशी यार्ड पुढें जाऊं देत. घोड्यावर बसलेला पंच गुण मोजी. ससा मारण्यास त्यांत फारसें महत्त्व नसे. कोणतें कुत्रें आधीं पोंचलें व कोणीं सशास किती वेळां वळविलें, यावर निकाल लागे. हा सामना ग्रेहाउंडांचा होता, आणि त्या नियमांत ग्रेहाउंडास तोड नव्हती. सालुकी तेथें मागें पडे, यांत नवल नाहीं.

परंतु पंच नाहीं, मैदान अफाट, ससा मैल-दीड मैल ओढून नेणारा, अशा ठिकाणीं चित्र पालटतें. ग्रेहाउंड पहिल्या काहीं शें यार्डांत सशास गांठतो. तेवढ्यांत ससा दोनतीनदां वळून निसटला कीं त्याचा दम जातो, आणि वेगाच्या भरांत वळतांना पंजा व मनगट दुखावतें. सालुकी सुरुवातीस मंद वाटतो. तो अंग राखून धांवतो, सशाच्या वळण्याचा अंदाज बांधतो, आणि ग्रेहाउंड धापा टाकीत उभा राहतो तेव्हां सालुकीची खरी दौड सुरू होते. बोटें लांब व लवचिक, मध्यें केस, म्हणून कठीण जमीन त्यास कमी बाधते. दोषही सांगितले पाहिजेत. हांक मारली तर तो येईलच असें नाहीं, पुरता वयांत येण्यास दोन वर्षें लावतो, आणि मर्जी नसेल तर धांवतच नाहीं. याच दोषांना कंटाळून पूर्व इंग्लंडच्या सपाट शेतांतील शौकिनांनीं ग्रेहाउंडाचा वेग व सालुकीचा दम एकत्र करण्यास आरंभ केला. पहिल्या पिढीचीं हीं कुत्रीं उत्तम निघतात, यांत शंका नाहीं. एकाच दौडीचा प्रश्न असेल तर आम्हीही संकरावरच पैज लावूं. पण दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या दौडीस, खडकाळ जमिनींत, आम्ही अस्सल सालुकी घेऊं.

मुख्य गोष्ट पुढेंच आहे. संकरित ज्वारीचें सी.एस.एच.-१ हें वाण १९६४ सालीं आलें, तेव्हांपासून प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे कीं, त्या कणसांतलें दाणें पुन्हां पेरले तर ताटें उंच-ठेंगणीं येतात व उतार घसरतो. कुत्र्यांचेंही तेंच. संकर नर व संकर मादी यांच्या एकाच वेतांत एक पिल्लूं ग्रेहाउंडावर जातें, दुसरें सालुकीवर, आणि तिसऱ्यांत दोघांचेही दोष उतरतात. म्हणून दर वेळीं अस्सल आईबापांकडेच परत जावें लागतें. अस्सल वाण कोणींतरी राखलें, म्हणून संकर निघाला.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. १९९४ च्या सुमारास आम्ही नोकरींत नवे होतों. आमच्या चुलत्यांची हरणी नांवाची कारवानी कुत्री मळ्यावर असे. रानडुकरें तिच्या वाऱ्यास उभीं राहत नसत. शहरांतील एका ओळखीच्या गृहस्थांकडे ग्रेहाउंड नर होता. चुलते नको म्हणत होते. आम्हीं चार बुकें शिकल्याच्या ऐटींत त्यांस गळ घातली. सहा पिलें झालीं, आणि गांवच्या शर्यतींत त्यांतील एकानें पहिला नंबर घेतला तेव्हां आमची छाती फुगली. वैशाखांत त्याच कुत्र्याचा पाय काळ्या रानाच्या भेगेंत अडकून बोट मोडलें, तें पुन्हां कधीं नीट धांवलें नाहीं. पुढें त्यांतील एका मादीस तसाच संकर नर दाखवला. त्या वेतांतील एक पिल्लूं आम्हीं स्वतः ठेवलें. त्यानें शेजाऱ्यांची गाभण शेळी मारली. भरपाई आमच्या पगारांतून गेली. तोंवर हरणी म्हातारी झाली होती, आणि तिला अस्सल नराचें एकही वेत मिळालें नव्हतें. चुलत्यांनीं त्याबद्दल आम्हांस कधीं एक शब्द विचारला नाहीं.

आतां ती सशाची दौडही राहिली नाहीं. इंग्लंडांत २००५ च्या फेब्रुवारींत ती कायद्यानें बंद झाली. तरी चोरून दौडी चालतच राहिल्या, आणि त्यांत सर्वांत नाडला जातो तो शेतकरी : मोडलेलीं फाटकें, गाड्यांनीं तुडविलेलीं पिकें, हटकलें तर धमक्या. म्हणून १ ऑगस्ट २०२२ पासून ससा धुंडण्याच्या वा पिटाळण्याच्या हेतूनें कुत्र्यासह दुसऱ्याच्या जमिनींत शिरणें हाच गुन्हा ठरला. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते, व न्यायालय कुत्रें बाळगण्यास मनाईही करूं शकतें. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार गुन्हाच आहे. हुरड्याच्या दिवसांत ज्यांच्या ज्वारींतून कुत्रेवाल्यांची टोळी गेली असेल, त्यांस याबद्दल वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

तेव्हां त्या तरुण बंधूंस आमचें उत्तर असें. कुत्री मळ्याच्या राखणीस हवी असेल तर ग्रेहाउंडाची गरजच नाहीं. हौसच असेल तर आधीं एक वेत अस्सल कारवानी नराचें घ्यावें, त्यांतील दोन चांगल्या माद्या घरीं ठेवाव्या, व मग काय तो प्रयोग करावा. नर निवडतांना त्याची आई पाहून यावी. नुसत्या नराच्या फोटोवर जाऊं नये. पहिल्या माजास मादी दाखवूं नये. माज सुमारें तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस तिला दारास कडी असलेल्या खोलींत ठेवावें, कारण गांवचीं कुत्रीं कुंपण उकरून आंत येतात. नर दाखविल्याची तारीख लिहून ठेवावी व तेथून त्रेसष्ट दिवस मोजावे.