बावीस पावत्या

मिरजेतल्या एका सहकारी बँकेत मी मुदत ठेवींच्या टेबलावर होतो. बँकेचं नाव इथे सांगत नाही. एका दुपारी 22 पावत्या एकदम सहीला आल्या, प्रत्येक 49,000 रुपयांची. ठेव 50,000 च्या वर गेली की पॅन मागावा लागतो, म्हणून हजार कमी. नावं रखवालदाराची, आयांची, ड्रायव्हरची. अर्जांवरचा मोबाइल नंबर मात्र एकच, वारस एकच, अक्षरही एकाच हाताचं. ठेवीदारांपैकी एकही काउंटरवर आला नव्हता. 10 लाख 78 हजारांची रोकड एका कापडी पिशवीतून आली होती.

“साहेब, ही माणसं कुठायत?” मी विचारलं.

“जुनी पार्टी आहे. तुम्ही सही करा.”

मी सही केली, ती आजही सलते. पुढच्याच महिन्यात या पावत्यांवर ठेवतारण कर्ज निघालं आणि सगळी रक्कम एकाच माणसाच्या खात्यात गेली. लपवलेलं उत्पन्न आता कागदोपत्री कर्ज झालं होतं. त्यावर कर कोण विचारणार?

मग एक दिवस रजा टाकून कोयना एक्सप्रेसने पुण्याला गेलो. प्राप्तिकर खात्याची 2018 ची बक्षीस योजना आहे. निनावी पत्र तिथे चालत नाही. ठरलेल्या नमुन्यात लिहून द्यायचं, ओळखपत्र घेऊन स्वतः हजर व्हायचं, मग सांकेतिक क्रमांक मिळतो. बक्षीस वसूल झालेल्या जादा कराच्या 5 टक्क्यांपर्यंत, फार तर 50 लाख. परदेशातल्या काळ्या पैशासाठी 5 कोटींपर्यंत. समोरच्या अधिकाऱ्यांना ऐकीव गोष्टी नको होत्या. तारखा, खाते क्रमांक, कोणत्या पावतीवर किती कर्ज, एवढंच त्यांनी विचारलं.

नाव त्यांनी गुप्तच ठेवलं असणार. पण त्या पावत्या मी आणि साहेब अशा दोघांनीच हाताळल्या होत्या, हे शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीचं पत्र आलं आणि तिसऱ्या महिन्यात माझी जतला बदली झाली.

बँकेतली माहिती बाहेर काढणाऱ्याला याहून मोठी किंमतही मोजावी लागते. एर्व्हे फाल्चियानी हा जिनिव्हातल्या एचएसबीसी बँकेचा संगणक कर्मचारी होता. त्याने बाहेर काढलेल्या माहितीतली 628 भारतीय नावं फ्रान्सने 2011 मध्ये आपल्या सरकारला दिली. त्याला मात्र स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने 2015 मध्ये, त्याच्या गैरहजेरीत, पाच वर्षांची शिक्षा सुनावली. माझी बदली त्यापुढे काहीच नाही. पण घरी आईला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

रिझर्व्ह बँकेने 2007 मध्ये तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणारी योजना आणली, ती खासगी आणि परदेशी बँकांसाठी. चोरी सगळ्यात आधी दिसते ती काउंटरवरच्या कारकुनाला. सहकारी बँकेतल्या कारकुनालाही तेच संरक्षण द्या, एवढीच मागणी आहे. जागल्यांच्या संरक्षणासाठी संसदेने 2014 मध्ये कायदा केला, तोही सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. तो अजून लागूच झालेला नाही.