जुनी पद्मिनी आणि तिच्या पेट्रोलच्या नळ्या

मुंबईच्या कष्टकरी माणसाला पद्मिनी गाडी नव्याने सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने कित्येक घरांच्या चुली पेटवल्या. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर धंद्यातून बाद झाली. तरीही काही घरांत खासगी पद्मिनी अजून जपलेली आहे. ती जपायची असेल, तर सर्वांत आधी तिच्या पेट्रोलच्या नळ्यांकडे पाहिले पाहिजे.

नळ्या का खराब होतात?

पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. गाडीच्या पोटाखालून धातूची नळी जाते आणि जोडाच्या ठिकाणी रबरी नळीचे तुकडे असतात. उष्णतेने व वयाने रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. त्यात आता पेट्रोलमधील इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभर ते प्रमाण गाठले गेले. जुन्या काळचे रबर या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते.

खूण कशी ओळखावी?

इंजिनावरचा फ्युएल पंप टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. पंपाच्या अलीकडची नळी चिरली, तर गाडी चालू असताना थेंबही दिसत नाही; उलट नळी हवा ओढते आणि गाडी चढावर मार खाते. पंपाच्या पलीकडची नळी चिरली, तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर उडते. आग लागते ती इथे! म्हणून पेट्रोलचा वास आला की गाडी चालू करू नये. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

आधी सुरक्षितता, मग पाना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर करावे. चाळीच्या बोळात किंवा पेटलेल्या शेगडीजवळ कदापि नको. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी. विडी-सिगारेट दूर, मुले त्याहून दूर. जवळ वाळूची बादली व पावडरचे अग्निशामक यंत्र ठेवावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय कित्येकांना असते. हा जिवाशी खेळ आहे. पेट्रोल फुप्फुसात गेले तर माणूस दगावू शकतो. कुणी ते गिळलेच, तर उलटी करवू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. काढलेले पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. पाण्याच्या बाटलीत ठेवले, तर घरातले लेकरू ते पाणी समजून पिईल.

नळी बदलताना

जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाची नळी घ्यावी. इथेनॉल चालणारी, पेट्रोलसाठीच बनवलेली नळी मागावी. तिच्यावर ‘एसएई ३० आर ९’ अशी खूण असल्यास उत्तम. पाण्याची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त मिळाली म्हणून लावू नये.

एका वेळी एकच तुकडा बदलावा, म्हणजे जोडणी चुकत नाही. जुनी नळी चिकटली असेल, तर ओढाताण न करता लांबीत चिरून काढावी. नवी नळी धातूच्या टोकावर साधारण एक इंच चढवावी. क्लिप टोकावरच्या उंचवट्याच्या मागे बसवावी आणि रबर कापले जाणार नाही इतकीच आवळावी. फिल्टरही नवा घालावा. त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. नळी सायलेन्सरपासून दूर राहील आणि कुठे घासणार नाही, हे पाहावे. धातूची नळी गंजून खवल्यासारखी झाली असेल, तर तीही बदलावी; ते काम मात्र मिस्त्रीकडे द्यावे. टाकी फुटली तर घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते.

शेवटची तपासणी

सांडलेले पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊ द्यावी, मग बॅटरी जोडावी. गाडी पाच मिनिटे चालू ठेवून प्रत्येक जोड टॉर्चच्या उजेडात पाहावा. काडी पेटवून पाहू नये. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

हाताला काम येते म्हणून धाडस करावे, पण घाईने करू नये. एका साध्या नळीवर गाडीत बसणाऱ्या सगळ्या कुटुंबाचा जीव अवलंबून असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.