शोभेच्या माशांची टाकी : गाळणी केवढी असावी ?

शेतीस जोडधंदा म्हणून शोभेचे मासे पाळण्याविषयी गावोगावी विचारणा होत असते. त्यात पहिला प्रश्न बहुधा गाळणीचा, म्हणजे दुकानात जीस फिल्टर म्हणतात तिचा असतो. ती केवढी घ्यावी हे ठरविण्यापूर्वी तिचे कार्य समजून घेणे अवश्य आहे.

पाणी निवळ ठेवणे हे गाळणीचे दुय्यम काम होय. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो. तो डोळ्यांस दिसत नाही, परंतु अल्प प्रमाणातही माशांस घातक ठरतो. गाळणीतील स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेतात घातलेल्या अमोनियायुक्त खताचे जमिनीत जे होते, तेच हे. नव्या टाकीत हे जंतू पुरेसे वाढण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत.

प्रस्तुत लेखकास हे ठाऊक असूनही त्याने एकदा घरच्या टाकीतील स्पंज नळाखाली चोळून लख्ख धुतला. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने जंतू मेले व तीन दिवसांत सात मासे दगावले. पाणी मात्र काचेसारखे निवळ होते ! स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा.

आता मापाकडे वळू. ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता ते सुमारे ४० लिटर भरते. ताशी या पाण्याच्या चौपट, म्हणजे १६० लिटर पाणी गाळणीतून फिरावे. खोक्यावरील आकडा रिकाम्या यंत्राचा असतो व स्पंज गाळाने भरताच प्रवाह मंदावतो, यास्तव २०० ते २५० लिटरांची गाळणी घ्यावी. गोल्डफिश खातो फार व घाणही फार करतो. त्यास सहा ते आठ पट प्रवाह हवा. उलट फायटर व गुरामी पृष्ठभागी येऊन हवा घेतात आणि जोराच्या प्रवाहाने थकतात. त्यांस, तसेच गप्पीची पिले असलेल्या टाकीस, हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंज-गाळणी उत्तम. तीत पिले ओढली जात नाहीत. वीज गेली तरी तिचा स्पंज टाकीच्या पाण्यातच राहतो. टाकीबाहेरील बंद डब्याच्या गाळणीत मात्र काही तासांत प्राणवायू संपून जंतू मरू लागतात.

गाळणी कितीही मोठी असली तरी नायट्रेट साचतच जाते. म्हणून दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. त्यात मीठ वा औषध घातलेले नसल्यास काढलेले पाणी परसातील भाजीपाल्यास द्यावे.