चहूबाजूंचा आवाज आणि आपली खोली

लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. मध्ये उभ्या माणसाला हाक कोणत्या रस्त्याने आली, हे डोळे मिटूनही कळते. घरात हेच साधण्यासाठी ‘सराउंड प्रोसेसर’ चित्रपटाचा ध्वनी स्पीकरांत वाटून देतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. मागचा स्पीकर १ मीटरवर, पुढचा ३ मीटरवर असेल, तर मागचा आवाज सेकंदाचा सुमारे सहा सहस्रांश आधी पोचतो. प्रोसेसर त्याला तेवढा थोपवतो. तेव्हा प्रत्येक स्पीकरचे अंतर व पातळी स्वतंत्र ठरवता येते ना, हे आधी पाहावे.

नुसत्या प्रोसेसरवर स्पीकर वाजत नाहीत. वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. दोन्ही एकत्र असलेला ‘रिसीव्हर’ साध्या घराला पुरतो. बैठक मागच्या भिंतीला टेकलेली असेल, तर सात स्पीकरांचा खर्च कशाला?

सभेत शेवटच्या रांगेतल्या कामगाराला शब्द कळला नाही, तर भाषण फुकट जाते. चित्रपटातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. दुकानात ते ऐकून मगच घामाचा पैसा मोजावा.