संगणकाची चिप बदलली की जुने प्रोग्राम का अडतात? अकोल्याच्या भटकरांच्या ‘परम’नं काय शिकवलं

मुरंबा हे अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. इथं जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. खरी डोकेदुखी मात्र त्यानंतर होती.

परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ चिप होती. पुढे इतर कंपन्यांचे प्रोसेसर वेगात तिला मागे टाकू लागले. त्यामुळं १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर आले.

मग जुनी चिप काढून नवी बसवली की झालं? तसं नसतं. अडचणी तीन असतात.

आज्ञा वेगळ्या : प्रत्येक प्रकारच्या चिपला स्वतःच्याच आज्ञा कळतात. एकीसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसरीला समजत नाही. तो मूळ कोडपासून पुन्हा तयार करावा लागतो.

आकडे उलटे : ट्रान्सप्युटर आकड्याचा लहान भाग आधी साठवायचा, स्पार्क मोठा. दोन बाइटमधला १ उलटा वाचला, तर थेट २५६ होतो!

वाटा गायब : शेजारच्या चिपशी बोलायला ट्रान्सप्युटरमध्येच चार जोडण्या होत्या. स्पार्कमध्ये तशी सोय नव्हती. ते जाळं वेगळं उभारावं लागलं.

यावर उपाय काय निघाला? परम ९००० ची रचनाच अशी केली, की पुढं प्रोसेसर बदलता यावा. प्रोग्रामनं चिपशी थेट न बोलता मधल्या ठरलेल्या थरामार्फत बोलायचं. त्याच वर्षी आलेल्या ‘एमपीआय’ या मानकानं जगभरातल्या महासंगणकांसाठी असाच थर दिला. नंतर ‘परम पद्म’ आयबीएमच्या, तर ‘परम युवा’ इंटेलच्या प्रोसेसरवर उभा राहिला.

आता हाच प्रश्न अकोला-अमरावतीच्या दुकानांत आलाय. नव्या विंडोज लॅपटॉपपैकी काहींत इंटेलऐवजी ‘आर्म’ प्रकारची चिप असते. जुने प्रोग्राम त्यावर भाषांतर करून बरेचदा चालतात. पण प्रिंटर, स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. तो नसेल, तर हिशेबाचं किंवा डीटीपीचं काम अडू शकतं.

म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारावं : ‘माझा जुना प्रिंटर आणि डोंगल यावर चालवून दाखवता का?’